तीन वायसर आणि साडेअकरा हजार

गाडी अण्णांची. १९६८ ची फियाट ११०० डी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. डुक्कर फियाट म्हणतात ती नव्हे, तिच्यानंतरची. पुढे हिचीच पद्मिनी झाली. अण्णा गेल्यावर ती माझ्याकडे आली, आणि गाडीतलं मला काही कळत नाही हे बहुतेक माझ्या तोंडावरच लिहिलेलं असावं.

उन्हाळ्यात रोज सकाळी बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा. इंजिन गरम असताना दहा मिनिटं गाडी बंद ठेवली की परत चालू व्हायला रडायची. प्लग काळेकुट्ट. कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग, ओव्हरफ्लो होतोय एवढं मलाही समजलं. नाशिकमध्ये द्वारकेजवळ एका गॅरेजात नेली. मेकॅनिकने कार्बोरेटरचं झाकण काढलं, आतल्या पेट्रोलमध्ये स्टीलची पट्टी बुडवली. "बघा साहेब, लेव्हल किती वर आलीय. बॉडीच वाकलीय, आता सेट होणार नाही." गाडी तेव्हा उतारावर, नाक खाली करून उभी होती. उतारावर लेव्हल हवी तशी दाखवता येते, हे मला नंतर कळलं.

नवा सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर मुंबईहून मागवतो म्हणाला, साडेअकरा हजार. चार दिवसांनी चकचकीत कार्बोरेटर बसलेली गाडी मिळाली. जुना मागितला तर "भंगारात गेला, साहेब." बिल म्हणजे वहीचा कागद, त्यावर 'कार्बोरेटर काम'. मी कागद घडी करून खिशात टाकला.

वास गेला. गावात गाडी झकास. महिन्याने शहापूरला लग्नाला गेलो आणि परतताना कसारा घाटात तिचा दम तुटला. पाय दाबला की कार्बोरेटरमधून फट्फट्, मागे ट्रकांचे हॉर्न. बायको म्हणाली, "चोक ओढून बघा ना, अण्णा ओढायचे." अर्धा ओढला आणि गाडी चढायला लागली! इगतपुरीपर्यंत तशीच आणली.

सातपूरला ओळखीचे एक फिटर काका आहेत, कंपनीतून निवृत्त. चोकची गोष्ट ऐकूनच म्हणाले, "पेट्रोल कमी पडतंय. चोकने जास्त मिळालं, म्हणून चढली." गाडी सपाट फरशीवर घेऊन त्यांनी माझ्यासमोर झाकण उघडलं. सोलेक्समध्ये पेट्रोलची लेव्हल ठरते ती झाकणातल्या नीडल व्हॉल्व्हच्या, म्हणजे पेट्रोल आत सोडणाऱ्या झडपेच्या, फायबर वायसरवर (चकतीवर). वायसर जाड झाला की व्हॉल्व्ह खाली येतो, पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट त्याला लवकर बंद करतो आणि लेव्हल उतरते. तिथे एकाच्या जागी तीन वायसर होते. नीडल मात्र जुनीच, टोकाला झिजून कंगोरा पडलेली. म्हणजे मूळ रोग तसाच ठेवून लेव्हल इतकी उतरवली होती, की वास थांबला आणि घाटात पेट्रोल पुरेना.

मग काकांनी झाकण उलटं करून उजेडात धरलं. आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेलं 'श्री'. स्टोव्हच्या टाकीवर, छत्रीच्या मुठीवर, सगळीकडे अण्णा तेच कोरायचे. 'नवा' कार्बोरेटर आमचाच होता, बफ मारलेला.

फ्लोट गरम पाण्यात बुडवला, बुडबुडा आला नाही, म्हणजे तो ठीक. नवी नीडल, एक वायसर, पॅकिंग: साडेसहाशे रुपये. मजुरी काकांनी घेतली नाही, चहा मात्र दोनदा घेतला.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर कार्बोरेटर सोडण्याआधी झाकणाच्या आत आणि बॉडीवर स्वतःची खूण करून ठेवा. मेकॅनिक लेव्हल दाखवतो म्हणाला तर आधी गाडी सपाटीवर घ्यायला लावा. वायसर किती होते आणि किती घातले ते मोजा, अगदी मोबाइलवर फोटो काढा. आणि बदललेला पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका, भंगारात गेला असला तरी आणायला सांगा.

मी झाकणाचा फोटो घेऊन द्वारकेला परत गेलो. तो जराही गडबडला नाही. माझाच कागद माझ्यासमोर धरून म्हणाला, "यात 'नवा' कुठं लिहिलंय, साहेब? आणि वास गेला ना?"