हायडेलबर्गचं एक सेमिस्टर: पैसे वसूल, पण खिडकीचं काय?

गणपतीच्या आदल्या आठवड्यात जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या खोलीचं डिपॉझिट आलं. पूर्ण नाही, ८५ युरो कापून. म्हणून हा अनुभव आत्ता, ऑगस्ट संपता संपता लिहितेय. मार्चमध्ये परत आल्या आल्या लिहिला असता तर "एकदा तरी जाच" एवढंच लिहून मोकळी झाले असते. डिपॉझिट हातात पडेपर्यंत कुठल्याही शहराबद्दल चांगलं बोलू नये, असं आता माझं ठाम मत आहे.

मी सांगलीची, एम.एस्सी. भूगोल. एक्स्चेंजमधून २०२४-२५ चं हिवाळी सेमिस्टर हायडेलबर्ग विद्यापीठात केलं. १३८६ चं विद्यापीठ, आजच्या जर्मनीतलं सगळ्यात जुनं. किल्ला, नेकार नदी, जुना पूल हे तुम्ही फोटोत पाहिलं असेलच, आणि ते तसंच दिसतं. किल्ल्यावर जायला डोंगररेल्वे आहे, पण पायऱ्या फुकट आहेत आणि वरची बागही फुकट. आतल्या सुमारे दोन लाख वीस हजार लिटरच्या वाइनच्या पिंपासाठी तिकीट काढायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

पैशाचं उरकून घेते. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, २०१७ पासून. एक्स्चेंजवाल्यांना ती माफ. नुसती सेमिस्टरची वर्गणी भरायची. ब्लॉक्ड अकाउंटचा (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) महिन्याला ९९२ युरोचा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. त्याआधी ९३४ होता, आणि माझा अर्ज आधी गेला म्हणून बाबांचा जीव भांड्यात पडला. ट्राम, बस आणि साध्या रेल्वेला देशभर चालणारं डॉइचलँड तिकीट मी गेले तेव्हा ४९ युरो होतं, जानेवारी २०२५ मध्ये ५८ झालं. घरात टीव्ही असो नसो, रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो, दर घराला. आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये होतो म्हणून वाटून ६.१२. एकटीने खोली घेतलीत तर सगळी तुमच्या डोक्यावर. हे आधी कुणी सांगत नाही.

आता खिडकी.

हॉस्टेल मिळालं नाही, म्हणून रोरबाख भागात एका फ्लॅटमधली खोली घेतली. भाडं हीटिंग सोडून ३८०, डिपॉझिट दोन महिन्यांचं, ७६०. (कायद्याने असं हीटिंगविना तीन महिन्यांचं भाडं एवढंच डिपॉझिट घेता येतं, त्यापुढे कुणी मागितलं तर देऊ नका.) कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. कचरा कसा वेगळा करायचा ते त्यात चार ओळींत, आणि खिडकी कशी उघडायची ते अख्खं पानभर. मला हसू आलं. खिडकी उघडायला पानभर सूचना?

खिडकीला एकच दांडा. खाली केला की खिडकी बंद. आडवा केला की अख्खी झडप आत उघडते. वर केला की खिडकी खालून तशीच राहते आणि वरून चार बोटं आत कलते. आपण पोचल्यावर पहिली चूष म्हणून ही कलती खिडकी दिवसभर ठेवतो, कारण हवा येते आणि थंडीही फार वाजत नाही. घरमालकीणबाई पहिल्याच आठवड्यात आल्या, कलती खिडकी बघितली आणि दांडा फिरवून बंद केली. मग ती सताड उघडली, हीटर शून्यावर आणला, मनगटावरचं घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं. दिवसातून तीनदा. बाहेर ऑक्टोबरचा पाऊस चालू होता.

मी रात्री घरी फोन केला. बाबा म्हणाले, "पावसात खिडकी उघडून ओल जाते म्हणे? तिला सांग, आमच्या घरात कृष्णामाई येऊन गेली आहे, आम्हाला ओल शिकवू नको." आमचं घर सांगलीच्या जुन्या गावभागात. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या माजघरात छातीएवढं होतं. भिंती वाळायला पुढचा उन्हाळा यावा लागला, पोपडे तर अजून पडतात. सांगलीत जुलैत खिडकी उघडी ठेवली की गाद्यासुद्धा दमट होतात. त्यामुळे माझंही मत बाबांच्याच बाजूने होतं, आणि नोव्हेंबरपर्यंत मी या प्रकाराला जर्मन विक्षिप्तपणाच समजत होते.

मग दहा युरोचं एक आर्द्रतामापक आणलं, बाईंना खोटं पाडायला. खिडकीशेजारी ठेवलं. बाहेर चार अंश, भुरभुर पाऊस. खिडकी उघडायच्या आधी आकडा ६८. दहा मिनिटांनी खिडकी बंद केली, खोली परत तापली, आकडा ४४. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भूगोलाची विद्यार्थिनी असून हे मला वहीत येत होतं, अंगावर येत नव्हतं: थंड हवेत बाष्प कमीच मावतं, मग ती पावसाळी असो की कशी. तीच हवा आत घेऊन तापवली की कोरडी होते. आपल्याकडे बाहेरची हवाच गरम आणि बाष्पाने भरलेली, म्हणून तोच उपाय इथे उलटा पडतो. आणि कलत्या खिडकीने खोलीतली हवा नीट बदलतही नाही, वर खिडकीभोवतीची भिंत गार पडते आणि तिथेच पाणी धरतं.

तेव्हापासून मी एवढी खिडकीवाली झाले की घरातली स्टुटगार्टकडची मुलगी मला आवरायला लागली. ताक ढवळताना सुद्धा डोळा आकड्यावर. या एका गोष्टीसाठी मी शहराला द्यायच्या पाच ताऱ्यांपैकी एक तारा वाढवला होता, हे लिहून ठेवते, कारण पुढे तो काढावा लागला.

अभ्यासाचं सांगते. लेक्चर नऊचं लिहिलेलं असेल तर सव्वानऊला सुरू होतं, ही तिथली जुनी रीत, घाबरून धावत जाऊ नका. मार्क १.० म्हणजे सगळ्यात भारी आणि ४.० पर्यंत पास. मला एका पेपरला १.७ पडले तर विट्याच्या मामींनी "असू दे गं, पुढच्या वेळी" म्हणून समजूत घातली.

पण पुराच्या सेमिनारने माझं त्या शहराबद्दलचं मत पार बदललं. नोव्हेंबरमध्ये मी आईला चक्क म्हणाले होते की इथे गार पडण्यापलीकडे काही शिकत नाहीये. नेकार नदी बघायला शहाणीसुरती, मानहाइमपर्यंत २७ ठिकाणी बंधारे आणि जहाजांसाठी दरवाजे, पाणी मोजूनमापून अडवलेलं. वाटलं, या नदीला पुराचं काय कळणार. मग जुन्या शहरात एका भिंतीवर पुराच्या रेघा दाखवल्या, वर्षं कोरलेल्या. सगळ्यात वरची १७८४ ची. त्या फेब्रुवारीत बर्फाचे तुकडे घेऊन लोंढा आला आणि आधीचा पूल वाहून गेला. आज सगळे ज्याच्यावर फोटो काढतात तो दगडी पूल १७८८ चा, म्हणजे पुरानंतरचा. आणि जून २०२४ मध्ये, मी जायच्या थोडेच महिने आधी, पाणी पुन्हा जुन्या शहरात शिरलं होतं. आमच्या घरी दारामागे पेन्सिलीने २००५, २०१९, २०२१ च्या रेघा आहेत. रेघ बघायची कशी हे मला कुणी समजावायची गरज नव्हती.

सेमिनारला मी कृष्णेवर बोलले. कोयना धरणाचं १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, हरिपूरला मिळणारी वारणा, कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या पाण्यावरून दर पावसाळ्यात उठणारा वाद, पुलाखालचे ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका. जून ते सप्टेंबर सांगलीत माणूस भेटला की आधी "आयर्विनला किती?" विचारतो, हेही सांगितलं. एका मुलाने विचारलं, "मग पूररेषेत कुणाचं घर किती बुडेल हे तुम्ही कुठे बघता?" आपल्याकडे निळी रेषा आहे, २५ वर्षांच्या पुराची. लाल रेषा आहे, १०० वर्षांच्या पुराची. पण माझ्या घरात किती फूट, हे घरबसल्या बघायची सोय मला दाखवता येईना. त्याने तिथेच लॅपटॉप उघडला. त्यांच्या राज्याचा पूरनकाशा सगळ्यांना खुला आहे. शंभर वर्षांच्या पुराला कुठल्या गल्लीत किती खोल पाणी येईल ते रंगांत दाखवलेलं. मी नदीकाठची गल्लीन् गल्ली बघितली. मग शेजारच्या गावांची बघितली. पहाटे दोन वाजले. सेमिस्टरची सगळी किंमत मला त्या रात्री मिळाली, असं म्हटलं तरी चालेल. माझा प्रबंध आता गावभागाच्या तसल्याच नकाशावर आहे, भिंतीवरच्या रेघा मोजून.

दोन छोट्या शिफारशी. मार्श्टालमधली मेस: जुनी दगडी इमारत, बुफे, आणि ताट वजनावर. भात आणि बटाटा जड, सॅलड हलकं, हे ध्यानात ठेवून वाढून घ्या. डाळीचं वरण कमी, दाणे जास्त, असा माझा हिशेब होता. दुसरं, साउथ एशिया इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा आणि धनगरांवर आयुष्य घातलेले गुंथर सोन्थायमर इथलेच प्राध्यापक, १९९२ मध्ये गेले. आरेवाडीच्या यात्रेला लहानपणापासून जाणाऱ्या मुलीला बिरोबावरचं काम नेकारकाठी भेटावं याची मला गंमतही वाटली आणि थोडी लाजही.

आता तारा का काढला ते.

फेब्रुवारीअखेर खोली सोडताना बाईंनी माझ्या खोलीतलं कपाट पुढे ओढलं. मागे, उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीवर, तळहाताएवढा काळा डाग. बुरशी. बाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी आर्द्रतामापक पुढे केलं, ४३ दाखवत होतं बिचारं. उपयोग झाला नाही. एप्रिलमध्ये पत्र आलं: भिंत रंगवायचे २४० युरो कापणार, कारण "अपुरं वायुवीजन".

अपुरं! मला!

कपाट त्यांचं, भिंतीला चिकटवून ठेवलेलं त्यांनी, आणि बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नये, मागे हवा खेळायला चार बोटं जागा सोडावी हे त्यांच्याच पानभर सूचनांमध्ये नाही. माझ्याकडे राहायला गेले त्या दिवशीचे सगळ्या भिंतींचे फोटो होते, कपाट त्याच जागी. विद्यार्थ्यांना तिथे मोफत कायदेसल्ला मिळतो. मी खोली सोडली होती, तरी तिथली मैत्रीण जाऊन विचारून आली. बांधकामात दोष नाही हे आधी घरमालकाने दाखवायचं असतं, असं तिथे सांगितलं. मग आम्ही पत्रं लिहिली. बाई दर पत्राला उत्तर द्यायच्या, सभ्य, सही-तारखेसकट, आणि एक पैसा न सोडता. जुलैमध्ये अचानक १२० वर आल्या, मग ८५ वर. वर मला पुढच्या अभ्यासासाठी शुभेच्छा.

यात मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. जुन्या विद्यापीठाच्या मागे विद्यार्थ्यांचा तुरुंग आहे. १७७८ ते १९१४ पर्यंत दारू पिऊन रात्री दंगा करणाऱ्या पोरांना विद्यापीठ तिथे कोंडायचं. पहिले काही दिवस नुसता पाव-पाणी. त्या पोरांनी भिंती, छत, जिना सगळं काजळीने आणि रंगांनी भरून टाकलं: चेहरे, टोप्या, नावं, शिक्षेचे दिवस. आज त्या भिंती जपून ठेवल्यात आणि बघायला तिकीट आहे. त्यांनी शंभरावर वर्षं भिंती काळ्या केल्या तर वारसा, माझा तळहाताएवढा डाग ८५ युरो.

बाबांनी मात्र वेगळाच हिशेब मांडला. आम्ही ७६० भरले तेव्हा युरो ९३ रुपये होता, म्हणजे ७०,६८०. परत आले ६७५, पण तोवर युरो १०२ झाला. म्हणजे ६८,८५०. तोटा १,८३०, वर बँकेने कापलं ते वेगळं. "फुकटात सुटलीस," म्हणाले. रुपया पडल्याचा आनंद झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पाहिलं. त्यांच्या समाधानासाठी अर्धा तारा परत देतेय. माझ्याकडून साडेतीन, बाबांकडून चार.

जाणार असाल तर पहिल्या दिवशी कपाटं ओढून मागचे फोटो काढा आणि ताबापत्रावर तसं लिहून बाईंची किंवा बुवांची सही घ्या. सांगलीहून भडंग न्या, पण डब्यात, पिशवीत सादळतं. क्रेडिटचं प्रकरण माझं अजून सुटलेलं नाही. इकडच्या कॉलेजला त्या पुराच्या सेमिनारचं नाव अभ्यासक्रमात सापडत नाही, म्हणून फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जातेय. क्लार्कसाहेब म्हणाले, "मॅडम, पेपरच्या नावात 'पूर' आहे, तो आपत्ती व्यवस्थापनात बसवू का?" मी हो म्हटलंय. दिवाळीपर्यंत काय होतंय ते कळलं की भर घालते.