पाचारण पडताळून पाहण्यासाठी पाच आठवडे: एका उन्हाळी सेवा-शिबिराविषयी अभिप्राय

आमच्या पाळकसाहेबांनी मार्च महिन्यात जे माहितीपत्रक हातात ठेवले, त्यावर ठळक अक्षरांत एकच प्रश्न छापलेला होता: देव तुम्हाला सेवाकार्यासाठी बोलावत आहे का? त्याखाली बारीक अक्षरांत तपशील होता: कालावधी पाच आठवडे, शुल्क साडेतीन हजार रुपये, त्यात राहणे-जेवण धरलेले, प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा, अंथरूण-पांघरूण आणि बायबल स्वतःचे आणायचे. मी पुण्यातील एका माध्यमिक शाळेत शास्त्र विषय शिकवते आणि माझे वय एकोणतीस आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर स्वतःच्या तोंडाने श्रद्धा कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गात बसत होते तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे, आणि दर वेळी काही ना काही कारण काढून मी तो पुढे ढकलत आले आहे. यंदा मे महिन्याची सुट्टी मोकळी होती, म्हणून नाव घातले. शिबिर काही मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, मिळून चालवतात. पुढे तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही.

पहिले तीन दिवस अहिल्यानगरात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी अजूनही असलेल्या नगरात, वर्गांत गेले. गाव योग्य निवडले आहे यात शंका नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईस उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे केले; त्यांचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच निघू लागले; कवी नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्ती आयुष्याची बरीच वर्षे याच गावात गेली. शिकवणाऱ्यांनी पाचारणाचे, म्हणजे देवाच्या अशा बोलावण्याचे, उदाहरण म्हणून टिळकांनाच घेतले, आणि माझी पहिली तक्रार तिथेच सुरू होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला, ही गोष्ट आमच्याकडे घरोघरी सांगितली जाते. वर्गात ती अशा रंगात आली की गाडी राजनांदगावला पोचेपर्यंत जणू सारे ठरूनच गेले होते. प्रत्यक्षात तो प्रवास १८९३ चा, बाप्तिस्मा १८९५ चा आणि पाळकपदाची दीक्षा १९०४ ची. त्यानंतरही टिळक एका जागी थांबले नाहीत. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ते संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहिले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. आगगाडीच्या डब्यापासून मोजले तर दरबारापर्यंत चोवीस वर्षे होतात. पाच आठवड्यांच्या शिबिराने हे उदाहरण घ्यावे आणि त्यातली वर्षे तेवढी गाळावीत, हे प्रयोगाचा कालावधी न लिहिता निष्कर्ष लिहिण्यासारखे आहे. माझ्या नववीच्या मुलांनी तसे केले असते तर मी वही परत दिली असती.

चौथ्या दिवशी जामखेडला नेले. डॉक्टर रजनीकांत आणि डॉक्टर मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्या अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खेड्यातच काम करायचे हे त्यांनी वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडतानाच मनाशी घेतले होते, तरी जामखेडपर्यंत येण्यात मधली कितीतरी वर्षे गेली, हे तिथल्या माणसाने न विचारता सांगितले. पाळकपदाचा झगा अंगावर न चढवताही पाचारण पुरे होऊ शकते, ही गोष्ट शिबिराच्या अभ्यासक्रमात लिहिलेली नाही. ती जामखेडच्या त्या एका दिवसाने सांगितली. हा दिवस शुल्काच्या मानाने स्वस्त पडला असे मी म्हणेन.

त्यानंतरचे दोन आठवडे विदर्भातील एका मिशनच्या कुष्ठरुग्णालयात होते, आणि ज्याला शिबिराला जावे की नाही असा विचार पडला असेल त्याने या दोन आठवड्यांसाठी जावे. कुष्ठरोग आता औषधांनी बरा होतो. बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकापासून सर्वत्र दिला जातो. परंतु उशिरा आलेल्या रुग्णाच्या मज्जातंतूंचे जे नुकसान झालेले असते ते पुष्कळदा भरून येत नाही, आणि तळपायाची संवेदना एकदा गेली की खडा, काटा, चटका यांपैकी काहीच कळत नाही. म्हणून जखम भरली तरी पायाची निगा जन्मभर राखावी लागते. पाय पाण्यात वीसेक मिनिटे भिजवायचे, घट्टे वजरीने हलक्या हाताने घासायचे, ओल्यावरच तेल लावायचे, आणि मऊ रबराच्या तळाची खास चप्पल घालण्यापूर्वी तिच्यात हात फिरवून काही रुतलेले नाही ना ते पाहायचे. जखमांची मलमपट्टी अर्थातच परिचारिका करीत. पाणी भरणे, पाय भिजवणे, टब घासणे आणि रबरी चपलांचे पट्टे पुन्हा शिवायला नेणे ही आमची कामे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नळ सोडून टब भरला आणि एका आजोबांना पाय आत ठेवायला सांगितले. येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग मनात घोळत होता, हे कबूल करते. डोळ्यांत थोडे पाणीही होते. आजोबांनी विनातक्रार पाय उचलला. तेवढ्यात पलीकडून सिस्टर ओरडल्या, "अहो टीचर, हात घालून पाहिला का आधी?" मी कोपर बुडवला आणि झटकन मागे घेतला. मे महिन्यातले गच्चीवरच्या टाकीचे पाणी ते, दुपारी दोनला चहाच्या आधणाच्या वाटेवर असते. आजोबांना त्यातले काहीच कळले नसते. संध्याकाळी फोड पाहून कळले असते. सिस्टर मला रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त सकाळी भरून सावलीत ठेवलेल्या बादल्या दाखवल्या आणि म्हणाल्या, "इथे माणूस 'आई गं' म्हणत नाही, म्हणून आपण आधी विचारायचं असतं."

त्या दिवसानंतर मी मनातला प्रसंग बाजूला ठेवला आणि पाणी पाहू लागले. दोन आठवड्यांत कोणी आम्हाला पाचारणाविषयी एक प्रश्न विचारला नाही, कोणी श्रद्धेची साक्ष मागितली नाही. सकाळी साडेसहाला छोट्या प्रार्थनागृहात भक्ती होई, त्यात टिळकांची भजने टाळ-ढोलकीवर म्हटली जात, आणि सातला सगळे कामाला लागत. संपूर्ण पाच आठवड्यांत स्वतःला पडताळून पाहण्याची मोकळीक मला मिळाली ती याच काळात, आणि तिची आखणी कोणीही केलेली नव्हती.

पुढचे दहा दिवस दोघा-दोघांना खेड्यांतील मंडळ्यांत पाठवले. माहितीपत्रकात याला 'पाळकीय अनुभव' असे म्हटले आहे, आणि सकाळची उन्हाळी बायबल शाळा सोडली तर तो अनुभव माझ्या कल्पनेहून फार वेगळा निघाला. ज्या पाळकांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्यांचा दिवस उपदेशापेक्षा कागदांत अधिक जाई. कब्रस्तानाच्या जागेची मोजणी, तलाठ्याकडची फेरी, आजारी वृद्धेला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी गाडी, आणि जवळजवळ रोज कोणाच्या तरी जातीच्या दाखल्याचा प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंना मिळतात, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या लागू झाल्या, ख्रिस्ती दलितांना मात्र अजून नाहीत. त्यामुळे कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या मुलाने अर्जात धर्म कोणता लिहावा, हा प्रश्न आईबाप पाळकांच्या ओट्यावर घेऊन येतात. पाळक कोणालाही खोटे लिहायला सांगत नसत आणि कोणाला दोषही देत नसत. एकेका घराशी तासभर बोलत. मानधनाविषयी विचारले तेव्हा ते सरळ म्हणाले की ते वेळेवर येत नाही, आणि शिक्षिका असलेल्या त्यांच्या पत्नीच्या पगारावर घर चालते. शिबिराच्या एकाही व्याख्यानात पैशाचा उल्लेख झाला नाही. पाळक व्हायचे की नाही हे ठरवायला आलेल्या बावीस वर्षांच्या मुलांपासून ही गोष्ट लपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

राहण्याच्या सोयीविषयी थोडक्यात सांगायचे तर जेवण साधे पण पोटभर होते, नगरला मुलींच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती आणि ती बसवायला तीन दिवस लागले. मच्छरदाणी न्यावीच.

शेवटचे चार दिवस एकांतवासाचे, म्हणजे नाव एकांतवासाचे. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत सत्रे होती. पुढच्या शिक्षणाची माहिती मात्र चांगली आणि नेमकी दिली: मंडळीची शिफारस कशी लागते, सेरामपूरच्या सिनेटची बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी म्हणजे काय, पुण्यातील युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आणि १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यास आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी यांत फरक काय. मुलींनी विचारलेल्या दीक्षेच्या प्रश्नालाही टाळाटाळ न करता उत्तर मिळाले: उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडियात) स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, परंतु पाळकीणबाई स्वीकारायला प्रत्येक गाव तयार असेलच असे नाही.

माझा मुख्य आक्षेप आहे तो शेवटच्या रात्रीविषयी. दिवे मंद करून, पेटी वाजत असताना, ज्यांना पाचारण झाले आहे त्यांनी पुढे यावे असे सांगण्यात आले. अकरांपैकी सात जण पुढे गेले. त्यांतील एक मुलगा रुग्णालयात पहिल्या आठवड्यातच घरी जायचे म्हणून रडला होता, आणि ते रडणे मला त्याच्या त्या रात्रीच्या साक्षीपेक्षा अधिक खरे वाटले होते. जे बसून राहिलो त्या चौघांकडे कोणी वाईट नजरेने पाहिले नाही, पण दुसऱ्या दिवशी न्याहारीला आमच्या टेबलावर शांतता होती. याच शिबिराच्या दुसऱ्या दिवशी बायबलमधील शमुवेलाची गोष्ट शिकवली होती. त्या मुलाला हाक आली ती त्याला तीनदा ओळखताच आली नाही, तो दर वेळी म्हाताऱ्या एलीकडे धावत गेला, आणि ती हाक कोणाची हे एलीने सांगितल्यावर कळले. शिबिरात हाक आहे, पेटी आहे, मंद दिवे आहेत, एली नाही. अकरा जणांमागे एक मार्गदर्शक आणि प्रत्येकाला वीस मिनिटांची एक भेट, एवढीच तरतूद आहे. माझ्या वाट्याची वीस मिनिटे तर वीज गेल्यामुळे जनरेटर सुरू करण्यात गेली.

तरीही पाच पैकी गुण द्यायचे तर मी साडेतीन देईन, आणि त्यातले तीन रुग्णालयाचे व गावाचे. आयोजकांनी व्याख्याने निम्मी करून सेवेचे आठवडे वाढवले, प्रत्येकाला वर्षभर भेटू शकेल असा एखादा निवृत्त पाळक किंवा सिस्टर नेमून दिली, आणि शेवटच्या रात्री दिवे लावूनच ठेवले, तर पुढच्या वर्षी मी स्वतः आमच्या मंडळीतल्या दोन मुलींना घेऊन जाईन. आहे त्या स्वरूपात ज्याने अद्याप पदवी पूर्ण केलेली नाही त्याने थांबावे. नोकरी-व्यवसायात काही वर्षे काढलेल्याने अवश्य जावे, कारण शेवटच्या रात्री बसून राहायला थोडे वय लागते.

निघताना भरून द्यायच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'पाचारणाची खात्री झाली: होय / नाही'. तो मी कोरा सोडला. त्याबद्दल दोनदा फोन आले. दोन्ही वेळा मी सांगितले की उत्तर आले की कळवीन. तिसरा फोन मी केला, रुग्णालयात. दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवस येऊ का, असे सिस्टरना विचारले. त्या म्हणाल्या, "या की. येताना दोन डझन वजऱ्या घेऊन या, इथल्या झिजल्यात."