उद्यमनगरातील डिझेल इंजेक्टर तपासणी : आधी मोजमाप, मग पाना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात केवळ डिझेल इंजिनांचे पंप आणि इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारे भाग) यांचेच काम करणारी दुकाने आहेत. त्यांपैकी एका दुकानात आमच्या २०१५ सालच्या टाटा झेस्टची तपासणी आणि एका इंजेक्टरची दुरुस्ती करून घेतली; हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे. गाडीत १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन आहे. तेच इंजिन वेगवेगळ्या नावांनी अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसत असे, त्यामुळे पुढील मजकूर बऱ्याच जणांच्या उपयोगी पडावा.

तक्रार अशी होती की सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायची, मात्र तापलेले इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताना बराच वेळ सेल्फ मारावा लागे आणि गाडी उभी असताना स्टिअरिंगला थरथर जाणवे. आधीच्या एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर रेल प्रेशर, म्हणजे सर्व इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब, कमी असल्याचा कोड निघाला आणि तेवढ्या आधारावर चारही इंजेक्टर नवे टाकण्याचा सल्ला मिळाला. कोड खोटा नव्हता, पण दाब कमी पडतो आहे एवढेच तो सांगतो. तो तुंबलेल्या फिल्टरमुळे पडतो, टाकीतल्या कमजोर पंपामुळे पडतो, हाय प्रेशर पंप किंवा त्याचा रेग्युलेटर खराब झाल्याने पडतो, किंवा एखादा इंजेक्टर आतल्या आत डिझेल परत सोडत असल्यानेही पडतो. यांतले नेमके कारण शोधल्याशिवाय महागडे भाग बदलायला सांगणे मला मुळीच पटत नाही.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी गाडी गरम असतानाच तपासायला घेतली. सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण २०० बारच्या पुढे दाब चढल्याशिवाय अशी इंजिने सुरू होत नाहीत, आणि आमच्या गाडीत तो दाब फार उशिरा चढत होता. फिल्टर आणि टाकीकडून येणारा पुरवठा ठीक आहे याची खात्री करून त्यांनी चारही इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या (न वापरलेले डिझेल परत नेणाऱ्या) काढल्या आणि खुणा असलेल्या चार पारदर्शक बाटल्यांना जोडून त्या बॉनेटला टांगल्या. इंजिन काही वेळ चालवल्यावर तीन बाटल्यांतील डिझेल जवळजवळ एकाच रेषेवर होते, तिसऱ्या सिलिंडरची बाटली मात्र काठोकाठ भरत आली होती. एवढ्यावर न थांबता त्यांनी रेलवरून त्या इंजेक्टरकडे जाणारा पाइप काढला, तेथे टोपी घट्ट बसवली आणि पुन्हा सेल्फ मारला. या वेळी दाब लगेच चढला. हाय प्रेशर पंप निर्दोष असल्याचे त्यातून सिद्ध झाले, आणि या दुकानाविषयी माझा विश्वास बसला तो याच टप्प्यावर.

काढलेला इंजेक्टर बेंचवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, लावून गळती, आयडलिंग, पूर्ण भार आणि मुख्य फवाऱ्याआधीचा लहान फवारा अशा अवस्थांत त्याचे माप घेतले गेले. नंतर काचेच्या बंद खोलीत तो उघडला. आतल्या व्हॉल्व्हची बैठक झिजली होती आणि नोझलच्या सुईवर भिंगाखाली तपकिरी गंजाचा ठिपका स्पष्ट दिसत होता, म्हणजे डिझेलमधून पाणी गेले होते. ज्या भागांमधील फट काही मायक्रॉनची असते, तेथे पाण्याच्या थेंबांनीही एवढे नुकसान होते. व्हॉल्व्ह आणि नोझल नवे बसवले, सिलिंडर हेडमधील बैठक कार्बन खरवडून साफ केली आणि कॉपर वॉशर नवा टाकला. जुनाच वॉशर परत बसवला, तर कॉम्प्रेशनचा वायू बाजूने निसटून इंजेक्टरभोवती डांबरासारखा थर जमतो आणि पुढच्या वेळी तो इंजेक्टर सहजासहजी निघत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. प्रत्येक इंजेक्टरवर अक्षरे व अंकांचा एक संकेत असतो आणि त्यावरून ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) त्याचे डिझेल मोजते. आतील भाग बदलल्यावर तो जुना संकेत तंतोतंत लागू पडत नाही, पण नवा संकेत काढण्याची सोय या बेंचवर नाही. हे त्यांनी काम हाती घेण्यापूर्वीच सांगितले आणि नंतर चारही सिलिंडरांची इंधन-दुरुस्ती (ईसीयूने डिझेलच्या मापात केलेली कमी-जास्त) शून्याजवळ असल्याचे स्कॅनरवर दाखवले, म्हणून मला ते मान्य झाले. लेखी अहवाल मात्र मागितल्याशिवाय मिळाला नाही, आणि इतके चांगले काम करणाऱ्यांनी तो स्वतःहून द्यायला हवा. खर्च चार नव्या इंजेक्टरांच्या अंदाजाच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी आला.

त्याच दिवशी काळा धूर सोडणारी एक गाडी इंजेक्टर काढण्यासाठी आली होती. मिस्त्रींनी इंटरकूलरचा (इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या भागाचा) तेलकट, चिरलेला होज दाखवून ती नेहमीच्या गॅरेजकडे परत पाठवली. हातात आलेले काम असे सोडणारे कारागीर कमीच.

पाण्याबाबत त्यांनी सांगितलेले मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. फिल्टरच्या तळाशी पाणी काढण्याचा स्क्रू असेल तर पावसाळ्यात तो अधूनमधून सोडून पाहावा, फिल्टर कंपनीच्या मुदतीआधीच बदलावा आणि टाकी तळाला जाऊ देऊ नये, कारण हाय प्रेशर पंपाला वंगणही डिझेलचेच मिळते. पेट्रोल पंपावर डिझेलची घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नोंदलेल्या घनतेपेक्षा फरक घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त असेल तर ते डिझेल घेऊ नये. टाकीत ओतायच्या क्लीनरने झिजलेली बैठक भरून येत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या तक्रारीवर त्यासाठी पैसे घालवू नयेत.

अशा दुकानात जाताना गरम इंजिनाची तक्रार असेल तर गाडी गरम असतानाच न्यावी, रिटर्नची चाचणी समोर करून घ्यावी आणि बिलावर चारही इंजेक्टरांचे संकेत व बेंचवरील आकडे लिहून मागावेत.