‘निगम से आए हैं’ म्हणत हौदात फिनाईल ओतून जाणाऱ्यांपासून सावध राहा

इंदूरच्या पश्चिम भागात, बरीच मराठी घरं असलेल्या एका कॉलनीत पावसाळ्याच्या शेवटी घडलेला हा प्रकार आहे. त्यात पैसे गेलेच, पण त्याहून मोठं नुकसान पुढे झालं, आणि ते टाळता आलं असतं म्हणून सगळं तपशिलात लिहीत आहोत.

वेळ दुपारची, दीड-दोनची. मुलं-सुना कामावर, घरात आजी-आजोबा. दोन तरुण आले. अंगात नारिंगी जॅकेट, गळ्यात प्लास्टिकचं कार्ड, एकाच्या पाठीवर पंप, दुसऱ्याच्या हातात धुराचं मशीन. “माताजी, निगम से आए हैं, डेंगू का लार्वा चेक करना है.” हौदाचं झाकण उघडायला लावलं, स्वतःजवळचा स्टीलचा मग बुडवला आणि टॉर्च मारून आत वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. मग धमकी: पाच हजारांचा चालान कापावा लागेल. आणि लगेच सुटका: आत्ता ‘ट्रीटमेंट’ करून घेतली तर चालान नाही, वर्षभराची गॅरंटी, 1,800 रुपये, शेजारच्यांनीही घेतली तर दोघांना 1,500. पैसे मोबाईलवरच्या क्यूआर कोडवर. मग अर्धा लिटरची बाटली हौदात उपडी, खोल्यांतून पाच मिनिटं धूर, दारावर एक गुळगुळीत स्टिकर, आणि पुढचं घर. संध्याकाळपर्यंत जवळजवळ अख्खी गल्ली झाली होती.

आता यातली एकेक गोष्ट उलगडून पाहू.

अळ्या हौदातल्या नव्हत्याच. तो स्टीलचा मग त्यांचा होता, आणि तो बुडवण्याआधी रिकामा आहे का हे कोणी पाहिलं नाही. एका घरातल्या सुनेने त्या वेळी मगचा फोटो काढला होता. त्यात दिसतात त्या लालसर, सुतासारख्या बारीक, तळाशी गुंडाळी करून पडलेल्या अळ्या. त्या डासांच्या नाहीतच. त्या कायरोनोमिड नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या, नाल्याच्या गाळात भरपूर सापडतात आणि त्यांची माशी चावत नाही. घरच्या पाण्यातली डासाची अळी अशी लाल नसते. ती मळकट पांढरी किंवा करडी असते आणि श्वासासाठी तिला पाण्याच्या पृष्ठभागाशी यावंच लागतं. डेंग्यूच्या एडीस डासाची अळी शेपटाकडची आखूड नळी वर आणि डोकं खाली अशी तिरकी लटकते, सावली पडली की वळवळत तळाला जाते आणि मिनिटभरात पुन्हा वर येते. मलेरियाच्या ॲनोफिलीसला ती नळी नसते, म्हणून त्याची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते. ॲनोफिलीस स्टीफेन्सी ही जात तर शहरातल्या टाक्या-हौदांतच वाढते. तेव्हा कोणी तपासायला आलं की घरातला पांढरा वाडगा द्या, तुमच्या हाताने बुडवा, उजेडात धरा आणि दोन मिनिटं थांबा.

पाणी दुधासारखं पांढरं झालं, म्हणजे औषध जोरदार, असं बऱ्याच घरांना वाटलं. फसगत इथेच झाली. अळीनाशक टेमेफॉसचं द्रव पाण्यात पडलं की पांढुरकं होतं हे खरं, पण पांढरं फिनाईलही तसंच होतं. रंगावरून काहीच कळत नाही. दोन घरांत दुसऱ्या दिवशी चहाला संडास धुतल्यासारखा वास आला, तेव्हा शंका फुटली. प्रमाणाचा हिशेबही बघा. पिण्याच्या पाण्यात टेमेफॉसची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम. म्हणजे पाच हजार लिटरच्या भरलेल्या हौदाला 50 टक्के तीव्रतेचं औषध जेमतेम 10 मिलिलिटर लागतं, औषधाच्या बाटलीच्या झाकणाइतकं. त्यांनी ओतलं अर्धा लिटर. ते खरोखर टेमेफॉस असतं, तर प्रमाणाच्या पन्नासपट झालं असतं. म्हणजे औषध खोटं होतं म्हणून पैसे बुडाले, आणि खरं असतं तर घरच्यांच्या पोटात विष गेलं असतं. पिण्याच्या हौदात कोणालाही, कोणत्याही कारणाने, बाटली उपडी करू देऊ नका.

धुराचंही तसंच. थर्मल फॉगिंगमध्ये औषध डिझेलमध्ये मिसळून तापवतात. नुसतं डिझेल तापवलं तरी तेवढाच पांढरा, तेवढाच दाट धूर निघतो, आणि बहुतेक भामटे तेच करतात. औषध अगदी खरं असलं तरी धुराने मरतात ते त्या क्षणी उडणारे डास. अंडी, अळ्या, कोश यांना धूर लागत नाही, आणि भिंतीवर काही टिकतही नाही. शिवाय ते मशीन रस्त्यासाठी असतं. बंद खोलीत आगीचा धोका. घरात रुग्ण सापडला की आरोग्य खातं आत वेगळी फवारणी करतं: 2 टक्के पायरेथ्रम हे कीटकनाशक एक भाग, रॉकेल एकोणीस भाग, अन्न-पाणी झाकून, माणसं बाहेर काढून, अर्धा तास दारं-खिडक्या बंद ठेवून. रस्त्यावरून फॉगिंगची गाडी जाते तेव्हा उलट, खिडक्या उघड्या ठेवायच्या असतात.

सगळ्यात घातक मात्र ते वर्षभराच्या गॅरंटीचं स्टिकर. अंड्यापासून डास व्हायला उन्हा-पावसाच्या दिवसांत सात ते दहा दिवस पुरतात. एकदा ओतून वर्षभर पुरेल असं कोणतंही औषध नाही. टेमेफॉससुद्धा पुन्हापुन्हा टाकावं लागतं, कारण हौदातलं पाणी रोज उपसलं जातं आणि नवं भरलं जातं. पण स्टिकर लागलं आणि घरोघरी दर आठवड्याची साफसफाई थांबली. ‘वर्षाचं काम झालं’ म्हणून कूलरमधलं पाणी तसंच राहिलं, हौदाचं झाकण अर्धवट राहिलं. तीनेक आठवड्यांत गल्लीत ताप सुरू झाला, दोन मुलांना डेंग्यू निघाला. दोघंही बरी झाली. मलेरिया विभागाच्या लोकांनी येऊन पाहिलं, तर स्टिकर लावलेल्या घरांतच कूलरमध्ये आणि हौदांत अळ्या होत्या, या वेळी खऱ्या.

इंदूरला हा धोका जास्त, याचं कारण अस्वच्छता नाही. देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात शहर अनेक वर्षं पहिलं आलं आहे, पण एडीसला घाण लागतच नाही, त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी हवं. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, म्हणून घरोघरी जमिनीखाली हौद आणि वर टाकी. हौद रिकामा केला तरी एडीसची अंडी भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली राहतात आणि कोरडी असूनही कित्येक महिने जिवंत राहतात. पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसता उपसा पुरत नाही, भिंत काथ्याने किंवा कडक ब्रशने घासायला हवी, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळ. पिण्याच्या पाण्याला घालतो तेवढ्या ब्लिचिंग पावडरने अळ्या मरत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

झाकण तपासताना त्याचा मधला कडीचा भोक आणि पाइप आत जातो ती फट बघा. बोट जाईल एवढी जागा डासाला भरपूर झाली. तिथे सिमेंट किंवा कापडाचा घट्ट बोळा. वरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या नळीला बारीक जाळी तारेने बांधा, छिद्र दीड मिलिमीटरपेक्षा मोठं नको. कूलर दर आठवड्याला पूर्ण रिकामा करून घासून वाळवायचा. मोसम संपला की पॅड फेकून द्यायचे, कारण अंडी त्यांतही राहतात. फ्रिजमागचा ट्रे आणि मनीप्लांटची बाटली हमखास विसरली जाते. वार ठरवून घ्या, कोणताही एक, आणि तो चुकवू नका.

एडीस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी सगळ्यात जास्त. शाळेत जाणाऱ्या मुलांना पूर्ण बाह्या, आणि दुपारी झोपणाऱ्या बाळाला मच्छरदाणी. रात्रीची मच्छरदाणी मलेरियासाठी. प्लगमध्ये लावायची ‘अल्ट्रासॉनिक’ यंत्रं घेऊ नका. वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2007 च्या आढाव्यात दहा प्रत्यक्ष चाचण्या तपासल्या, त्यांत या आवाजाने डास चावायचे थांबल्याचं दिसलं नाही.

ताप आला तर पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. डेंग्यूसाठी रक्ताची तपासणी: पहिल्या पाच दिवसांत एनएस1 (विषाणूचं प्रथिन), नंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं). आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका: डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप उतरतानाच येतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखान्यात.

आता खऱ्या माणसांची ओळख. सरकारी लार्वा सर्वेक्षण फुकट असतं. ते पैसे मागत नाहीत, गॅरंटी देत नाहीत. शंका आली तर दार उघडण्याआधी नगर निगमच्या ‘इंदौर 311’ ॲपवर किंवा झोन कार्यालयात चौकशी करा आणि त्यांना बाहेरच थांबवा. खरा कर्मचारी थांबतो. दंडाची गोष्ट निघाली तर छापील पावती मागा, खासगी व्यक्तीच्या क्यूआरवर एक रुपयाही नको. खासगी पेस्ट कंट्रोल बोलावणार असाल तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना मागा आणि औषधाची मूळ बाटली हातात घेऊन पाहा: त्यावर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत आणि लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असा विषारीपणा दाखवणारा हिऱ्याच्या आकाराचा चौकोन असतोच. लेबल नसलेली बाटली घरात येता कामा नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण ही माणसं नेमकी त्यांनाच गाठतात.

तुमच्याकडे हे होऊन गेलं असेल, तर पैशाचा स्क्रीनशॉट, स्टिकर आणि सापडली तर बाटली जपून ठेवा. लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा आणि ठाण्यात लेखी तक्रार द्या. सरकारी माणूस असल्याचं सोंग घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली आणि फसवणूक 318 खाली गुन्हा आहे. चारपाच घरांनी मिळून दिलेली तक्रार लवकर हलते. हौदातलं ते पाणी प्यायला, स्वयंपाकाला वापरू नका. पूर्ण उपसा, भिंती घासा, दोनदा साध्या पाण्याने धुऊन ते पाणीही काढून टाका, वरची टाकी आणि पाइपही वाहते करा. नवं पाणी भरल्यावर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी तेवढं हौदात घाला आणि तासाभराने वापरायला घ्या. वास राहिलाच असेल तर पुन्हा एकदा उपसा.