सीमेक ३.२४ची हेडर-तपासणी: लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी चालू करावीच

कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरचे आकडे सीरियल पोर्टमधून वाचणारी छोटी सी प्लस प्लस लायब्ररी मी हिंगणघाट तालुक्यातल्या गावातून सांभाळतो. वापरणारे सगळे ओळखीचे, कुणी वणीचा, कुणी पांढरकवड्याचा. "भाऊ, तुमचं हेडर घेतलं की वॉर्निंगा काहून येऊन राहिल्या?" असा फोन आला की जिवाला लागतं. हेडर म्हणजे लायब्ररीची जी फाइल दुसरे आपल्या प्रोग्रॅममध्ये इन्क्लूड करून घेतात ती, आणि वॉर्निंग म्हणजे इथे चूक असू शकते असा कंपायलरचा इशारा. सीपीपी, म्हणजे आपल्या मूळ कोडच्या, फाइलमधली वॉर्निंग आपल्या घरात राहते, हेडरमधली मात्र इन्क्लूड करणाऱ्या प्रत्येकाच्या बिल्डमध्ये उमटते.

सीमेक म्हणजे सी प्लस प्लसच्या कोडचं बिल्ड जुळवून देणारं साधन. त्यात ३.२४ पासून (२०२२) यावर सोय आहे. हेडर फाइल-सेटमध्ये (लायब्ररीच्या फाइलींच्या यादीत) नोंदवायची आणि 'व्हेरिफाय इंटरफेस हेडर सेट्स' चालू करायचं. मग सीमेक दर हेडरमागे एक सोर्स फाइल आपणहून बनवतं, तिच्यात तेवढं एकच हेडर. ती कंपाइल झाली तर हेडर स्वतःच्या पायावर उभं आहे. नव्या काट्यासाठी मित्राने पाठवलेल्या हेडरमध्ये १६ बिटांचा पूर्णांक वापरला होता, पण त्यासाठी लागणारं 'सीएसटीडीइंट' हे स्टँडर्ड हेडर घेतलंच नव्हतं. त्याच्या प्रोग्रॅममध्ये दुसरं हेडर आधी यायचं म्हणून निभावत होतं. इथे पहिल्या दमात अडकलं. ते दुरुस्त केल्यावर दोन बाइट जोडून वजन काढायच्या ओळीवर कन्व्हर्जनची वॉर्निंग आली. तीही खरीच होती, बेरीज-जोडणी इंटमध्ये होते आणि उत्तर १६ बिटांत कोंबलं जातं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. लायब्ररीला 'प्रायव्हेट' म्हणून (फक्त तिच्यापुरते) दिलेले वॉर्निंगचे फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायचे पर्याय, या तपासणीपर्यंत पोचत नाहीत. 'इंटरफेस' करून दिले तर ते वापरणाऱ्यांच्या माथी बसतात. मी वॉल, एक्स्ट्रा, कन्व्हर्जन आणि एरर (वॉर्निंगलाही चूक मानून थांबवणारा) हे फ्लॅग फक्त तपासणीच्या वेळी बाहेरून देतो. शिवाय तपासणीचं हे टार्गेट, म्हणजे बिल्डमधलं वेगळं काम, नेहमीच्या बिल्डमध्ये धरलेलं नसतं, त्याला नाव घेऊन हाक मारावी लागते.

म्हणूनच ते गिटहब अ‍ॅक्शन्सवर (कोड पुश केला की आपोआप बिल्ड चालवणारी सेवा) टाकलं. सार्वजनिक रिपॉझिटरीला फुकट आहे. दुपारी लाइन गेली तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुश केलं की तिकडे जीसीसी, क्लँग आणि विंडोजचा कंपायलर तिन्ही चालतात. जिनिंगच्या ऑफिसात विंडोजच असतं, त्यामुळे तिसरा मला सर्वांत मोलाचा.

टेम्प्लेटच्या (डेटाचा प्रकार वापरताना ठरतो असा कोडचा साचा) आतल्या बऱ्याच वॉर्निंगा मात्र ते प्रत्यक्ष वापरल्याशिवाय निघत नाहीत, त्यासाठी वेगळी छोटी चाचणी लिहाच. आणि उबुंटू २२.०४ वर सीमेक ३.२२ येतं, तेव्हा पिपमधून (पायथनचं पॅकेज आणायचं साधन) नवं घ्या.