केनेसेथ एलियाहू, काळा घोडा : रंगकाम बघायला जा, पण माणसंही बघून या

मुलाला घेऊन परत एकदा जाऊन आले, म्हणून लिहितेय. काळा घोड्याचं निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हटलं की सगळे फोटोच टाकतात. फोटो काढण्यासारखं आहेच, त्यात वाद नाही. पण मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरातली. आमच्याकडे सिनेगॉगला आजीपासून सगळे मशीदच म्हणायचे, मस्जिद स्टेशनचं नावसुद्धा मांडवीतल्या आमच्या जुन्या मशिदीवरून पडलं असं घरी कायम ऐकलंय. ती जुनी म्हणजे शार हारहमीम, १७९६ ची, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेली. तर या जागेकडे बघताना मला भिंतींच्या आधी माणसं दिसतात, त्यामुळे रिव्ह्यूही तसाच होणार.

आधी वास्तूचं सांगते. १८८४ मधे जेकब ससून आणि त्यांच्या भावांनी वडिलांच्या, म्हणजे एलियास ससून यांच्या स्मरणार्थ बांधलं. नंतर बरीच वर्षं दुरुस्तीला आलेलं होतं, ते वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या टीमने नीट केलं, जेएसडब्ल्यू फाउंडेशनने मोठा हात दिला आणि २०१९ मधे युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा वारसा जतनाचा पुरस्कारही मिळाला. आधीचा भडक निळा गेला, आता निळा-पांढरा असा शांत दिसतो. आत उंच छत, बारीक खांब, वर बायकांची गॅलरी, आणि रंगीत काचा. दुपारी कलत्या उन्हात त्या काचांचा लाल-निळा तुकडा माझ्या मुलाच्या हातावर पडला होता, तो हात हलवून हलवून तो पकडत बसला. मी त्याला उठवलं नाही, बसू दिलं.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. हे सिनेगॉग बगदादी ज्यूंचं. ते श्रीमंत, व्यापारी, इराककडून आलेले, आणि आम्ही कोकणातले शनिवार तेली. घाणा चालवायचा, शनिवारी बंद ठेवायचा म्हणून हे नाव. आम्ही पक्के ज्यू आहोत की नाही यावर एके काळी त्यांना शंका होती. मिन्यानमधे, म्हणजे प्रार्थनेला जे दहा पुरुष लागतात त्यांच्यात, आमच्या लोकांना कित्येकदा धरायचे नाहीत. एकोणिसाव्या शतकात तर कब्रस्तानात दोघांच्या मधे भिंत घाला अशी मागणी बगदादी मंडळींनी सरकारकडे केली होती. आजी हे सांगताना आवाज चढवायची नाही, पण भाजी निवडता निवडता हात थांबायचा तिचा.

आणि आज? बगदादी घरं बहुतेक सगळी लंडनला, ऑस्ट्रेलियाला, इस्राएलला गेली, आणि त्या बाकांवर आता जास्त करून आमचीच पेणकर, पेझारकर, नागावकर अशी आडनावं बसतात. प्रार्थना हिब्रूत आणि संपल्यावरच्या गप्पा मराठीत, लोकल चुकली, कुणाच्या मुलीचं इस्राएलमधे जमलं वगैरे. म्हणजे ज्यांना मोजायचे नाहीत त्यांच्यावरच आता मोजणी पुरी होते. मला वाटतं या जागेचा खरा जीर्णोद्धार हाच, आणि याला कुठला पुरस्कार मिळत नाही.

यामागे किती खटपट आहे ते एका शुक्रवारी दुपारी पाहिलं. एक वयस्कर काका खुर्चीत बसून जुन्या डायरीतून एकेकाला फोन लावत होते, शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा आमचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आधी. "उद्या येतोस ना रे? तुझ्या भावाला पण आण." डायरीत कितीतरी नंबरांवर काट मारलेली, कुणी अलियाह करून, म्हणजे इस्राएलला कायमचं राहायला, गेलं, कुणी वारलं, आणि बाजूला वेगवेगळ्या शाईत नवीन नंबर. आपल्याकडे सहसा प्रत्येक मशिदीला राबाय, म्हणजे धर्मगुरू, नसतो, हज्जान प्रार्थना चालवतात आणि बाकी सगळं कमिटीच्या गळ्यात, गळक्या छतापासून सणाच्या जेवणापर्यंत. भारतात आमची संख्या १९४८ च्या सुमारास वीस हजारांच्या आसपास होती, आता चार-पाच हजार असेल. अशा वेळी समाज पुढे नेणं म्हणजे मोठी भाषणं नव्हेत, ही डायरी. मला त्या काकांच्या पाया पडावंसं वाटलं खरंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या गॅलरीत होते. खाली नऊ जण. कुणी घड्याळ बघतंय, कुणी दाराकडे, आणि वर आम्ही चार बायका, सगळ्या प्रार्थना पाठ असलेल्या, पण ऑर्थोडॉक्स पद्धतीत आम्ही त्या दहात येत नाही. मी इथे तक्रार करत नाहीये, पद्धत मला लहानपणापासून माहितीये आणि मान्य करूनच मी वर बसते. पण विचार येतोच ना. मुंबईतच १९२५ मधे डॉ. जेरुशा झिराड यांनी ज्यूईश रिलिजस युनियन सुरू केली, तिथे बायका-पुरुष एकत्र बसायचे. शंभर वर्षं झाली त्याला! आणि झिराडबाई काही परक्या नव्हत्या, आमच्याच समाजातल्या, नावाजलेल्या डॉक्टर, पुढे पद्मश्री मिळालेल्या. आमच्या आजीच्या पिढीने दोन समाजांमधली मनातली भिंत पडताना पाहिली, मग आमच्या मुलींनी गॅलरीतून अजून एक पायरी खाली उतरून पाहावी असं मला मनापासून वाटतं. घाईने नको, भांडून तर नकोच, पण बोलायला सुरुवात तरी व्हावी.

दहावा आला एकदाचा, धापा टाकत, कॉलेजचा मुलगा, टोपी खिशातून काढून डोक्यावर ठेवत. सगळ्यांचे चेहरे असे उजळले की काय सांगू. हेखाल, म्हणजे तोरा ठेवायचं पवित्र कपाट, उघडलं, चांदी मढवलेल्या उभ्या पेटीतली सेफर तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची हाताने लिहिलेली गुंडाळी, बाहेर आली, आणि माझ्या शेजारच्या मावशींनी पदराने डोळे पुसले.

एक गोष्ट मात्र लिहिते. पहिल्यांदा मी एका हेरिटेज वॉकबरोबर गेले होते (नाव घेत नाही). गाईडने दहा मिनिटांत उरकलं, सेल्फी घ्या म्हणाला, आणि बेने इस्राएल हा शब्द एकदाही उच्चारला नाही. एवढे पैसे भरून असं बघू नका. स्वतःच जा, निवांत बसा, तिथल्या माणसांना विचारा, फार प्रेमाने सांगतात.

जाताना ओरिजिनल ओळखपत्र न्या, २६/११ पासून बंदोबस्त कडक आहे आणि तपासणी होते, त्यांच्यावर चिडू नका. बॅग छोटी ठेवा. पुरुषांनी डोकं झाकायचं, कपडे साधे. शनिवारी फोन आणि कॅमेरा बंद. आणि तुम्ही आपल्यातले, म्हणजे ज्यू, असाल, मुंबईत कामाला आला असाल, तर प्लीज शनिवारी सकाळी वेळेवर जा, बहुतेक वेळा एकच माणूस कमी पडत असतो.