टेरिफायर: पहिला पाहावा की दुसरा?

"मामा, पयला पाहू का दुसरा?" धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत भाच्याने विचारलं. तो ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकतो, त्याच्या खोलीवरच्या पोरांनी 'टेरिफायर' या भयपटाचे दोन्ही भाग पाहिलेत आणि आता त्याचा नंबर आहे. बांधावर उभ्याउभ्या मी दिलेलं उत्तर अपुरं होतं, म्हणून नीट लिहितो. त्याच्यासारखे आणखीही कोणी विचारात असतील.

दोन्ही चित्रपट डेमियन लिओन या अमेरिकन दिग्दर्शकाचे. पहिला २०१६ चा, दुसरा २०२२ चा. दोन्हींतला मुख्य भाग हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या रात्री घडतो. तिकडे त्या रात्री लोक भुताखेतांचे वेष घेऊन फिरतात. त्या गर्दीत आर्ट नावाचा जोकर असतो. काळे-पांढरे कपडे, पाठीवर कचऱ्याची काळी थैली, आणि तोंडातून एक शब्द नाही. डेव्हिड हॉवर्ड थॉर्नटन हा नट दोन्हीकडे फक्त डोळे, हात आणि हसू यांच्यावर भूमिका पेलतो. या बाबतीत दोघांत डावंउजवं करताच येत नाही.

पहिला दीड तासाच्या आत संपतो, हा त्याचा मोठा गुण. एक रात्र, एक पडकी इमारत, दोन मैत्रिणी. सुरुवातीला पिझ्झाच्या दुकानात आर्ट समोरच्या टेबलावर बसून त्यातल्या एकीकडे टक लावून पाहत राहतो. अजून काहीच घडलेलं नसतं, आणि माझ्या मते दोन्ही चित्रपट मिळून खरी भीती तिथेच सर्वात जास्त आहे.

पण त्या मैत्रिणी कोण आहेत? त्यांच्या घरी कोण वाट पाहतंय, त्यांना काय हवंय, हे चित्रपट सांगतच नाही. त्या मरण्यासाठीच आणलेल्या आहेत. आमच्या भागात मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईला वाघाने नेल्याची बातमी येते, तेव्हा गावातला पहिला प्रश्न "कसं मारलं" हा नसतो. "कोणाची माय? लेकरं किती?" हे लोक आधी विचारतात. जीव हळहळतो तो त्या उत्तराने. पहिल्या टेरिफायरला हा प्रश्नच पडलेला नाही. त्यात करवतीचा एक प्रसंग आहे, एका बाईच्या देहावरचा. तो मी एकदा पाहिला, पुन्हा पाहणार नाही. भीतीपेक्षा मला त्याचा रागच जास्त आला.

दुसऱ्या भागात लिओनने ही चूक दुरुस्त केली, आणि म्हणूनच मला तो जवळचा वाटतो. सिएना नावाची मुलगी आहे. वडील गेलेले. त्यांनी काढलेल्या चित्रावरून ती हॅलोविनसाठी स्वतःच्या हाताने योद्धा देवदूताचा पोशाख तयार करते. आईशी तिचे खटके उडतात, आणि धाकटा भाऊ जोनाथन त्या जोकरच्याच विचारात बुडालेला, त्याची तिला काळजी. लॉरेन लव्हेरा या नटीने ती इतकी खरी केली आहे, की आर्ट घराच्या जवळ आला तरी आपला जीव तिच्यासाठी वर-खाली होतो. रक्त यायच्या आधीच पोटात गोळा येतो.

पैसा म्हणाल तर हा चित्रपट सुमारे अडीच लाख डॉलरमध्ये झाला, हॉलिवूडच्या मानाने काहीच नाही. त्यातला बराचसा चाहत्यांनी इंटरनेटवरून वर्गणी करून दिला, आपल्याकडे मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, नाटक आणायला गाव वर्गणी करतं तसाच. जखमा कॉम्प्युटरवर काढलेल्या नाहीत, लिओन मुळात मेकअपवाला माणूस आहे. रबर, रंग आणि खोटं रक्त. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकाच्या मेकअपच्या खोलीत ज्याने कधी डोकावलंय, त्याला या हातकामाची कदर वाटेल.

आता दोष. लांबी १३८ मिनिटं. झाडीपट्टीचं नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं आणि कोणी उठून जात नाही, कारण रडवणाऱ्या प्रवेशामागून विनोदी प्रवेश येतो, मग लावणी येते, माणसाला श्वास घेता येतो. इथे तसा विसावा फार कमी. सिएनाच्या मैत्रिणीचा तिच्या खोलीतला प्रसंग तर इतका ताणलाय, की काही वेळाने भीती संपते आणि हे रबर कसं चिकटवलं असेल, याचा विचार सुरू होतो. त्या मुलीबद्दल वाटणारी माया अशी वाया जायला नको होती. वीस-पंचवीस मिनिटं कापली असती तर हा चित्रपट कितीतरी वरच्या दर्जाचा झाला असता. शिवाय पांढऱ्या चेहऱ्याची छोटी मुलगी, ती तलवार, हे सगळं काय आहे, हे नीट उलगडत नाही. काहींना ते गूढ आवडेल, मला ते अर्धवट वाटलं.

पहिला पाहिल्याशिवाय दुसरा कळतो का? कळतो. पहिला जिथे संपतो तिथूनच दुसरा सुरू होतो. त्यातून वाचलेली एक बाई इथे पुन्हा दिसते, एवढं माहीत असलं की पुरे.

म्हणून भाच्या, तू दुसराच पाहा. पहिल्यातला तो पिझ्झाच्या दुकानाचा प्रसंग तेवढा वेगळा पाहून घे. पण मित्रांपुढे छाती दाखवायला बसू नको. २०२२ मध्ये अमेरिकेत थिएटरात लोकांना भोवळ आल्याच्या, उलट्या झाल्याच्या बातम्या होत्या. मळमळलं तर बंद कर, त्यात लाज नाही. घरी पाहशील तर ज्या खोलीत आजी आणि लहान पोरं झोपतात तिथे नको, कानात इअरफोन असला तरी. मोबाइलचा उजेड भिंतीवर पडतो आणि पोरं जागी होतात.

आणि शेवटी नावं सुरू झाली की थांब. त्यांच्या मध्ये आणखी एक किळसवाणा प्रसंग येतो, तो २०२४ च्या तिसऱ्या भागाची तयारी आहे. सिएनाची त्या रात्रीची गोष्ट त्याआधीच संपलेली असते.